एकसष्टावा प्रश्न

वणव्याला कोण किती घाबरतं हे मोजायला राजधानीतून माणसं तिझी अझमूर या आमच्या डोंगरातल्या गावात आली, तेव्हा तावूस गच्चीवर उभी राहून वाळत घातलेल्या चादरींकडे बघत होती. चादरी वाळल्या की नाही याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. त्या कुठल्या बाजूला उडतायत, एवढंच तिला बघायचं होतं. दक्षिणेचा गरम वारा सुटला की चादरी डोंगराकडे फुगायच्या, आणि मग त्या दिवशी तावूसच्या हातून भाकरी हमखास करपायची.

अठ्ठावन्न वर्षांच्या या बाईनं गावच्या शाळेत बावीस वर्षं पोरांचा स्वयंपाक केला. त्या बावीस वर्षांत एकाही पोराच्या घशात हाड अडकलं नाही. कारण ती रश्श्यातलं मांस वाढण्याआधी बोटांनी कुस्करायची, आणि पोरं घरी जाऊन सांगायची की शाळेत मांस मिळतच नाही. विंचू, विहीर, विजेची तार, कच्ची अंजिरं, मोटारसायकल, परीक्षा. काळजी करण्याजोगं काही तिनं सोडलं नव्हतं. तिचा नवरा मात्र एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. हृदय तिच्या यादीत नव्हतं.

मागे उरला एकुलता एक घिलास. पाच वर्षांपूर्वीच्या मोठ्या वणव्यात अठरा वर्षांचा हा पोरगा गावातल्या इतर पुरुषांसारखा ऑलिव्हची हिरवी फांदी घेऊन आगीला झोडपायला धावला. आमच्याकडची रीतच तशी आहे. पुरुषानं आग दिसली की फांदी मोडायची आणि तिच्यावर तुटून पडायचं. आग विझते की नाही हा नंतरचा प्रश्न. शेजारच्या गावातली चार माणसं त्या वेळी परत आली नाहीत. घिलास परत आला. काळा, खोकत, आणि डाव्या भुवईशिवाय. भुवई तीन महिन्यांत उगवली, पण तेव्हापासून पोरगा दारात आला की तावूस आधी त्याच्या भुवया बघते आणि मग जेवायचं विचारते.

"यम्मा, मी गाडी चालवून आलोय, लढाईवरून नाही," घिलास म्हणायचा. तो गावातून खालच्या बाजाराला जाणारी प्रवासी गाडी चालवत असे.

"तोंड इकडे कर."

"दोन्ही आहेत. मोजून घे."

आता तिच्या काळजीचं मुख्य कारण. तावूसचं घर गावात सगळ्यात वरचं, आणि त्याच्या पाठीला लागून एक मोठा पडीक तुकडा होता. त्यात पुरुषभर काटेरी झुडपं माजलेली, वाळलेली, एकमेकांत गुंतलेली. एक काडी पडली तरी पेटेल असा तो सुकलेला पसारा. जमीन दोन भावांची. थोरला लूनीस गावात कॉफीचं दुकान चालवायचा आणि गावसभेचा प्रमुखही तोच. धाकटा अक्ली समुद्रापलीकडे मार्सेयच्या बंदरात आयुष्य घालवून तिथंच निवृत्त झालेला. बाप वारून तीस वर्षं झाली तरी वाटणी झाली नव्हती. आणि आमच्याकडे वाटणी न झालेल्या जमिनीत ज्यानं आधी कोयता चालवला, त्यानं ती खाल्ली असं धरतात. म्हणून तीस वर्षं लूनीसनं तिथली एक काडी मोडली नाही, आणि अक्लीनं दर उन्हाळ्यात येऊन काडी मोडली गेली नाही ना याची खात्री करून घेतली. दोघंही सज्जन. झुडपं मात्र वाढत राहिली.

तावूस लूनीसकडे वर्षातून चारदा जायची. आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानानं दा म्हणतात, मोठ्या बाईला नन्ना.

"दा लूनीस, वरचं काटवण तेवढं साफ करा. पेटलं तर माझं घर आधी, मग सगळं गाव."

"नन्ना तावूस, मी हात लावला तर अक्ली म्हणेल, भावानं गिळलं."

"मग सभेत ठराव करा. मयताला गैरहजर राहिलं तर दंड, गल्लीत कचरा टाकला तर दंड. याला का नाही?"

"सभेचा प्रमुख मी. मीच माझ्याविरुद्ध ठराव आणू? लोक हसतील."

"जळाल्यावर रडतील, त्यापेक्षा हसलेलं बरं."

लूनीस कॉफीचा कप पुसायला लागायचा. कप स्वच्छच असायचा.

अशात मे महिन्यात मादाम लमिया आली. विद्यापीठातली, चाळिशीची, पांढरे बूट घातलेली, मनानं चांगली बाई. वणव्याच्या धोक्याबद्दल गावकऱ्यांना काय वाटतं, यावर तिचं संशोधन होतं. सोबत दोन विद्यार्थिनी, गावाचा एक भलामोठा नकाशा, लाल-पिवळ्या-हिरव्या टिकल्या आणि चौऱ्याऐंशी प्रश्न. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एक ते पाच या आकड्यांत द्यायचं. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे फारच.

सभेच्या दगडी ओट्यावर पुरुष जमले. त्यांना धोका किती वाटतो हे विचारायच्या आदल्या दिवशीच दुकानात बातमी पसरली होती की, जे जास्त धोका सांगतील त्यांना सरकार उचलून खालच्या शहरात चार मजली इमारतीत नेऊन टाकणार. झालं. सगळ्या गावानं एक सांगितलं.

"आमच्याकडे वणवा? छे, मादाम. हवा किती थंड आहे बघा."

"पाच वर्षांपूर्वी आला होता ना?"

"तो शेजारच्या गावाचा होता. आमच्याकडे नुसता पाहुणा म्हणून येऊन गेला."

आठवड्यानं दुसरी बातमी आली. जास्त धोक्याच्या घरांना पाण्याची टाकी फुकट. मग तीच माणसं मादामच्या मागे धावली. परवा चुकून एक म्हणालो, चष्मा नव्हता, कान दुखत होता, बायको मध्ये बोलत होती. सगळ्यांना पाच हवे होते. एका पठ्ठ्यानं सात मागितले. मादामनं वहीत लिहून घेतलं की, एका जागृती सत्रानंतर गावाच्या धोक्याविषयीच्या जाणिवेत लक्षणीय वाढ झाली.

तावूसला कुणी विचारलंच नव्हतं. प्रश्न कुटुंबप्रमुखाला होते, आणि तिच्या घरचा कुटुंबप्रमुख तेवीस वर्षांचा घिलास होता. त्यानं टाकीची बातमी येण्याआधीही एक सांगितलं आणि आल्यावरही एकच.

"का रे मेल्या?" तावूस म्हणाली.

"मी पाच सांगितलं तर लोक म्हणतील, तावूसचा पोरगा घाबरट."

"आणि टाकी?"

"टाकी येणार नाही, यम्मा. बातमी लूनीसच्या दुकानातून निघालीय."

टाकी खरंच आली नाही. मादामच्या प्रकल्पानं लूनीसला अग्निरक्षण समितीचा अध्यक्ष केलं. त्याला नारिंगी जाकीट आणि शिट्टी मिळाली, आणि रस्त्याच्या वळणावर 'आगीपासून सावध राहा' अशी पाटी लागली. पाटी लावायला मोकळी जागा हवी होती, म्हणून ती बरोबर त्या काटवणाच्या कडेला रोवली. तीन आठवड्यांत झुडपांनी तिला गिळलं. 'राहा' तेवढं दिसायचं.

बायकांशी बोलायचा दिवस वेगळा ठेवला होता. तावूसच्याच अंगणात. तिनं भाकरी, ऑलिव्हचं तेल आणि सुकी अंजिरं मांडली, आणि मादामच्या बुटांवर तेल सांडू नये म्हणून दोनदा जागा बदलायला लावली.

"नन्ना, वणव्याची भीती एक ते पाचमध्ये किती?"

"वारा कुठला सुटलाय त्यावर आहे."

"साधारण. सरासरी."

"सरासरी वाऱ्यानं आजवर कुणाचं घर जळालंय, मादाम?"

बायका तोंडावर रुमाल धरून हसल्या. मादामही हसली, आणि तिनं तीन लिहिलं.

"धोका कुठून येईल असं वाटतं? नकाशावर लाल टिकली लावा."

तावूसनं काटवणावर एक टिकली लावली. मग दुसरी. मग पाकीटच घेतलं आणि सगळा तुकडा लाल करून टाकला. "इथून. वरून. हे साफ करा, बाकीच्या प्रश्नांची गरज नाही."

"मालकीचा विषय आमच्या या टप्प्यात येत नाही," मादाम खरंच वाईट वाटून म्हणाली. "पुढच्या टप्प्यात आहे. दोन वर्षांनी."

"वणव्याला कळवलंय का तसं?"

खाली दरीवर कुणाचं लक्ष नव्हतं. तिथं एका विद्यार्थिनीनं आधीच हिरवी, म्हणजे धोका नसल्याची, टिकली लावली होती. तावूसनंही ती तशीच राहू दिली. गल्लीत कचरा टाकला तर सभा दंड करते, म्हणून सगळं गाव कचरा दरीत टाकतं. चुलीतली राख, काचा, जुने टायर. तावूसही टाकायची. शेजारणीपेक्षा थोडा लांब फेकायची, इतकंच. तीस वर्षं वर बघून बघून तिची मान तशीच आखडली होती.

प्रश्न पुढे सरकत होते, आणि एकसष्टाव्याला तावूसचा अंजिराचा हात तोंडाशी थबकला. विद्यार्थिनीनं वाचलं होतं, "या जागेची निगा कोण राखतं? नाव लिहा."

"हे नाव कुठं जातं?" तावूसनं विचारलं.

"नकाशाच्या मागच्या तक्त्यात. प्रत्येक तुकड्यापुढे. शुक्रवारी आम्ही जागेवर जाऊन बघून भरणार."

"शिक्का असतो त्याच्यावर?"

"विद्यापीठाचा असतो."

तावूसनं अंजीर खाल्लं. त्या दिवशी तिनं आणखी एकही वाकडा शब्द काढला नाही, आणि मादामला वाटलं, बाई थकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर पाणी भरताना तिनं लूनीसच्या बायकोला सहज सांगितलं, "शुक्रवारी काटवणाची निगा कोण राखतं ते लिहायला येणारेत. शिक्क्याचा कागद आहे म्हणे." घरी येऊन तिनं मार्सेयला फोन लावला आणि अक्लीला हेच सांगितलं, शब्दाला शब्द तोच. यात खोटं काहीच नव्हतं. खोटं बोलायला तिला फार भीती वाटायची.

पुढचं काम दोघा भावांनी केलं. मंगळवारी सकाळी लूनीस दुकान बंद ठेवून दोन मुलग्यांसह कोयते घेऊन वरच्या टोकाला उतरला. मंगळवारी दुपारी अक्लीचे तीन मेहुणे करवती घेऊन खालच्या टोकाला हजर. बुधवारी दुपारच्या विमानानं स्वतः अक्ली आला आणि शहरी विजारीतच काटवणात शिरला. कापलेलं झुडूप जागेवर ठेवलं तर ते दुसऱ्याचं धरलं जाईल, म्हणून प्रत्येक जण आपापली काडी न् काडी उचलून घरी नेत होता. गाव भिंतीवर बसून बघत होतं.

"कशाला एवढी घाई, दा अक्ली? तीस वर्षं थांबलात."

"बापाची जमीन आहे. निगा नको राखायला?"

"त्या मुळ्यापण काढा. दा लूनीसनं काढल्यात."

"काढल्या? कुठं?" आणि अक्ली कुदळ मागायचा. लूनीसला कळलं की तोही मुळ्या काढायला परत फिरायचा.

गुरुवारी संध्याकाळी दोघं मधोमध एका जुन्या दगडापाशी येऊन भिडले. दगड कुणाच्या बाजूला, यावरून शिव्या झाल्या, आईबापांचा उद्धार झाला, आणि ती एकच आई, तोच एक बाप असल्यानं दोघांचा हिशेब सारखाच झाला. पण तुकडा ताटासारखा लख्ख झाला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा तिथली माती दिसत होती. आणि पाटी. पूर्ण.

शुक्रवारी मादाम आली आणि तिचे डोळे भरून आले. "एवढ्या थोड्या दिवसांत! लोकांनी आपणहून!" तिनं फोटो काढले. एकसष्टाव्या प्रश्नापुढे तिनं लिहिलं, 'समुदाय'. दोन्ही भावांना हा समुदाय कोण, कुणाचा जावई, कुठल्या गावचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या रात्री तावूस पाण्याची बादली उशाशी न ठेवता झोपली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात चादरी फुगल्या. सकाळी दहाला तावूस भाकरी थापत होती आणि वरच्या उताराकडे बघत होती. वर काही नव्हतं, नुसती माती. तिला कितीतरी वर्षांनी बरं वाटलं. भाकरी करपली नाही. जळका वास मात्र आला.

आग दरीतून आली. हिरव्या टिकलीतून. कुणाच्या तरी राखेत निखारा होता. कुणाच्या ते आजही ठरलेलं नाही. सगळ्यांनी विचारणं सोडून दिलंय, कारण राख सगळ्यांचीच होती. टायर पेटले, मग अंजिराच्या बागा, मग गावाखालची ऑलिव्हची झाडं. त्यात तावूसची सातही. नवऱ्यानं लावलेली. लूनीस जाकीट शोधायला आत गेला आणि शिट्टी बाहेरून कुणीतरी दुसऱ्यानंच फुंकली. रस्ता खाली जायचा, आणि खाली आग होती.

तावूस धावत गल्लीत आली तेव्हा घिलास फांदी मोडून निघाला होता. त्याच्यामागे सात-आठ पोरं, हातात फांद्या.

"घिलास!"

"यम्मा, आता नको!"

ती त्याच्या वाटेत आडवी आली. रडून उपयोग नाही हे तिला पाच वर्षांपूर्वीच कळलं होतं. 'जाऊ नकोस' म्हटलं तर तो जाणार, कारण सगळं गाव बघतंय. तिनं आवाज शाळेतल्या जेवणाच्या रांगेसारखा लावला.

"फांदी टाक! लूनीसच्या सासूला उचल!"

"काय?"

"नव्वद वर्षांची म्हातारी, चालता येत नाही तिला. वर मोकळ्या जमिनीवर ने. तिथं पेटायला काही नाही. आग मारायला सगळे जातील, तिला उचलायला कोण आहे? तिचं वजन माहितेय ना? ताकद असेल तर उचल, नसेल तर जा बापडा, फांद्या हलव!"

पोरांच्या देखत ताकदीचा विषय निघाला म्हटल्यावर घिलासनं फांदी टाकली. म्हातारी खरोखरच जड होती, आणि वाटभर त्याला उपदेश करत होती की पाठ सरळ ठेव. तिला वर ठेवून तो खाली आला, तर तावूसनं पुढची तीन नावं तयार ठेवली होती. मागची पोरंही एकेक म्हातारा, एकेक पाळणा उचलू लागली. कुणाला काय उचलायचं ते तावूस सांगत होती. तिच्या काळजीच्या यादीत गावातला प्रत्येक अधू माणूस, प्रत्येक तान्हं पोर, कुठल्या घरात, कुठल्या खोलीत, हे वर्षानुवर्षं तयारच होतं.

तासाभरात सगळं गाव वरच्या तुकड्यावर उभं होतं. बकऱ्या, गाद्या, दूरचित्रवाणी संच, एक नवरी. आग दोन्ही अंगांनी वर चढली, तुकड्याच्या कडेला आली, तिनं इकडेतिकडे तोंड घातलं, आणि खायला काही नाही म्हणून बाजूनं निघून गेली. धुरात कुणाला कुणी दिसत नव्हतं. तोंडाला ओली फडकी बांधून सगळे देवाचं नाव घेत होते. आणि त्यातच दगडापलीकडून अक्लीचा आवाज आला.

"इकडे या! माझ्या बाजूला जागा जास्त आहे!"

लगेच लूनीस ओरडला, "कुणी हलू नका! माझ्याकडे धूर कमी आहे! लिहून ठेवा, माझ्याकडे एकशेवीस माणसं वाचली!"

"माझ्याकडे एकशेतीस! बकऱ्या वेगळ्या!"

"मेल्यांनो," म्हातारी गादीवरून कडाडली, "जळायला लागलो तर तेही वाटून घ्याल!"

संध्याकाळी विमानं आली, पाणी पडलं. तीन घरं गेली, बागा गेल्या. माणूस एकही गेला नाही. घिलास शेवटची फेरी करून आला आणि आईसमोर खाली बसला. तावूसनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. डावी होती. उजवी होती. मग तिनं जेवायचं विचारलं.

अहवाल हिवाळ्यात आला. गुळगुळीत कागदाचा, मुखपृष्ठावर तोच लख्ख तुकडा. घिलासनं चुलीशी बसून वाचून दाखवला. जागृती सत्रांमुळे समुदायानं स्वयंस्फूर्तीनं सुरक्षित क्षेत्र निर्माण केलं आणि मोठी जीवितहानी टळली, असं त्यात होतं. शेवटच्या तक्त्यात तावूस भेटली.

"'प्रतिसादक क्रमांक सदतीस. महिला. धोक्याची जाणीव वास्तवापेक्षा अधिक, दिशेबाबत चुकीची.'"

"दिशेचं बरोबर लिहिलंय," तावूस म्हणाली. "सात झाडं गेली. मी तिकडे बघितलंच नाही." मग म्हणाली, "दरीचं काय लिहिलंय?"

"दरी पुढच्या टप्प्यात आहे."

लूनीस आणि अक्ली तोवर कोर्टात पोचले होते. दोघांनी पुरावा म्हणून मादामनं काढलेला तुकड्याचा फोटो लावला. त्यात दोघंही नव्हते. कोर्टानं हुकूम दिला की, निकाल लागेपर्यंत त्या जमिनीत कुणीही कोयता, कुदळ, करवत चालवू नये. निकाल लागायला किती वर्षं, असं घिलासनं वकिलाला विचारलं, तर वकील म्हणाला, मला एक ते पाचमध्ये विचारू नका.

मार्चमध्ये तिथं पहिले हिरवे कोंब आले. तावूसनं गच्चीवरून ते तीन दिवस बघितले. चौथ्या दिवशी तिनं बाजारातून दोन बकऱ्या आणल्या. एकीला लूनीसची परवानगी घेऊन त्याच्या बाजूला बांधलं, दुसरीला फोनवर अक्लीची घेऊन त्याच्या बाजूला. हुकुमात बकरीचं नाव नव्हतं. आठवड्यानं लूनीस दारात आला.

"नन्ना तावूस, त्याच्या बाजूची बकरी जास्त खाते."

"असं?"

"उद्या कोर्टात तो म्हणेल, निगा मीच राखली. माझ्या बाजूला आणखी एक बांध."

"बघते," तावूस म्हणाली. "पण आधी दरीतले ते टायर उचलायला सभेला सांगा. मग बघते."

लूनीस पुसायला कप शोधत होता. इथं कप नव्हता.